सार्वजनिक वस्तूंची चोरी : शिडाच्या होड्यांच्या निमित्ताने

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला दिलेला विषय आहे 'सार्वजनिक साहित्याची सुरक्षा'. आरती झालेली आहे, प्रसाद अजून यायचा आहे, आणि मधल्या वेळात असा कोरडा विषय ऐकवायचा म्हणजे श्रोत्यांवर अन्यायच. म्हणून मी तुम्हाला पंडरीतून थोडा वेळ पाण्याच्या काठावर नेणार आहे. समुद्र आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर, आणि घरचे पाणी म्हणजे तेलीबांधा नाहीतर बूढा तालाब. तरीही उदाहरण घेतो आहे ते शिडाच्या होड्यांच्या क्लबचे. माझे आयुष्य सर्वसाधारण विम्याच्या धंद्यात गेले. चोरीचे दावे तपासण्याचे काम असायचे. चोर सार्वजनिक वस्तूपर्यंत कसा पोचतो आणि नंतर त्या संस्थेचे काय होते, हे समजून घ्यायला या क्लबांइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

आणखी एक कारण आहे. या पावसाळ्याआधी आपल्या कोठीतून काय गेले ते इथे सर्वांना ठाऊक आहे. त्याची यादी मी वाचणार नाही. पण ते गेल्यापासून मंडळात जी कुजबुज चालू आहे, तिची मला चोरीपेक्षा जास्त काळजी वाटते. तिच्याबद्दल शेवटी बोलेन.

यॉट क्लब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा गेटवेजवळचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब येतो, १८४६ सालचा. किंवा पुण्यात बंडगार्डनजवळ मुळा-मुठेच्या काठी असलेला १८६८ चा रॉयल कॅनॉट बोट क्लब. ही साहेबाची परंपरा. पण जगात बहुतेक ठिकाणी शिडाच्या होड्यांचे क्लब असे नसतात. ते आपल्या मंडळासारखे असतात. पोस्टातला कारकून, शाळामास्तर, सुतार, दोन निवृत्त गृहस्थ अशी माणसे वर्गणी काढतात, तळ्याकाठी एक पत्र्याची शेड बांधतात, जुन्या होड्या विकत घेऊन स्वतः रंगवतात आणि रविवारी मुलांना शिकवतात. आपल्या देशातही हा खेळ आता साध्या घरांतल्या मुलांपर्यंत पोचू लागला आहे. हैदराबादच्या हुसेनसागरावर यॉट क्लब ऑफ हैदराबाद सरकारी शाळांतल्या गरीब मुलामुलींना शिडाची होडी शिकवतो. भोपाळच्या बड्या तालाबावरही मुले हा खेळ शिकतात. १ नोव्हेंबर २००० पर्यंत आपणही त्याच राज्यात होतो, तेव्हा तो तलाव थोडासा आपलाही म्हणायला हरकत नाही.

मुले ज्या होडीत शिकतात तिचे नाव 'ऑप्टिमिस्ट'. १९४७ साली अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात क्लार्क मिल्स नावाच्या होड्या बांधणाऱ्या माणसाने ती आखली. हेतू असा की बापाला घरच्या अंगणात प्लायवूडमधून बांधता यावी. लांबी सुमारे २.३ मीटर, वजन ३५ किलो. म्हणजे आपला गव्हाचा कट्टाच. एक शीड, एक लहान डोलकाठी, पाण्यात खाली सरकवायची एक फळी आणि एक सुकाणू. पंधरा वर्षांपर्यंतची मुले ती एकट्याने चालवतात. आज ऑलिंपिकमध्ये शिडाच्या शर्यतीत उतरणाऱ्यांपैकी पुष्कळांची सुरुवात याच होडीत झालेली असते.

आता असल्या क्लबमधून चोर काय नेतो? होडी सहसा नेत नाही. होडी मोठी, ओळखू येणारी, आणि ती घेऊन जाणार कुठे? तो नेतो इंजिन. तुम्ही म्हणाल, शिडाच्या क्लबमध्ये इंजिन कशाला? ते असते बचावाच्या होडीला. दहा मुले पाण्यात असतील तर त्यांच्यामागे एक मोटारची होडी फिरत असते. वारा फिरला, होडी उलटली, मूल पाण्यात पडले, तर धावून जायला. या होडीच्या मागच्या फळीवर जे इंजिन टांगलेले असते त्याला आउटबोर्ड म्हणतात. लहान असेल तर दोन पकडस्क्रू सैल केले की ते खांद्यावर घेऊन चालू लागता येते. काढता-घालता यावे हाच त्याचा गुण, आणि चोराला तोच सोयीचा. युरोपात या इंजिनांच्या चोऱ्या करणाऱ्या टोळ्या आहेत. एका रात्रीत एखाद्या धक्क्यावरची ओळीने इंजिने उतरवून सकाळपर्यंत ती दुसऱ्या देशाच्या वाटेला लागलेली असतात. स्वीडनसारख्या देशाचे पोलीस त्याने वर्षानुवर्षे हैराण आहेत.

इंजिन गेले. क्लबच्या दहा होड्या जागेवर आहेत, शिडे जागेवर आहेत, मुले रविवारी टोप्या घालून हजर आहेत. तरी एकही होडी पाण्यात उतरत नाही. बचावाची होडी नसताना मुलांना पाण्यात सोडायचे नाही, हा नियम कुठलाही शहाणा क्लब मोडत नाही. म्हणजे चोराने नेली एक वस्तू आणि बंद पडला सगळा हंगाम.

आमच्या धंद्यात वस्तूची किंमत मोजायच्या दोन-तीन पद्धती आहेत : नवीन घ्यायला काय लागेल, जुनी विकली तर काय येईल, घसारा किती. सार्वजनिक वस्तूला यातली एकही पद्धत पुरत नाही. तिथे विचारायचे असते की ही वस्तू नसल्याने काय थांबले. आणि चोराच्या हाती काय पडते तेही पाहा. होडीच्या स्टेनलेसच्या कड्या, शिसे, तांब्याची तार हा माल शेवटी कबाड्याच्या काट्यावर किलोने जातो. मंडपाची केबल चोरणारा तिच्यावरचे प्लास्टिक जाळून आतले तांबे विकतो. हजारो रुपयांच्या वस्तूचे त्याला शेकड्यांत मिळतात, आणि आपल्याकडे दहा दिवसांचा उत्सव अंधारात जायची वेळ येते. इतका तोट्याचा व्यवहार चोर तरी का करतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. पण त्याचा हिशेब वेगळा. त्याला भांडवल शून्य.

वस्तू नेल्यावर चोराचे पहिले काम काय असते? तिची ओळख पुसणे. आपल्या कोकणातले उदाहरण सर्वांनी ऐकलेले आहे. रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला नोव्हेंबर १९९७ मध्ये नारळी-सुपारीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी सापडली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. वजन सव्वा किलोच्या वर. गाव बदलून गेले, यात्रेकरू येऊ लागले, घरोघरी राहण्या-जेवणाची सोय सुरू झाली. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला. दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मुखवटा चोरीला गेला. पोलिसांनी आरोपी पकडले, सोनेही बरेचसे परत मिळाले, पण लगडीच्या रूपात. मुखवटा वितळवलेला होता. कलाकृती म्हणून, देव म्हणून तिचे मोल सोन्याच्या कितीतरी पट. पण चोराला ते मोल अडचणीचेच, कारण ते चेहरा ओळखू येण्यात होते. नवा मुखवटा बसला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. मधली साडेनऊ वर्षे गावाने काय काढली असतील, ते पर्यटकांवर पोट असलेल्या कुठल्याही गावाला विचारा.

सोने वितळते, इंजिन वितळत नाही. त्याचा क्रमांक मात्र खरवडता येतो. आता जे सांगतो ते चोरीचे उदाहरण नाही, फार मोठ्या गुन्ह्याचे आहे, पण क्रमांकाची ताकद त्यातून कळते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी मुंबईच्या कफ परेडला, बधवार पार्कजवळच्या कोळीवस्तीत रबरी होडीतून उतरले. त्याआधी भर समुद्रात त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारीची नौका बळकावली होती आणि तिच्या तांडेलाला मारले होते. त्या रबरी होडीला यामाहाचे आउटबोर्ड इंजिन होते. त्यावरचा क्रमांक खोडलेला होता. तरी तज्ज्ञांनी तो शोधून वाचला आणि त्यावरून माग कराचीपर्यंत गेला. इंजिन कराचीत विकत घेतले गेले, हे पाकिस्तान सरकारला फेब्रुवारी २००९ मध्ये जाहीरपणे मान्य करावे लागले.

खोडलेला आकडा वाचता कसा येतो? ठसा मारताना धातू नुसता वर खणला जात नाही, खालपर्यंत दाबला जातो. वरचा थर घासून सपाट केला तरी आतला दाबलेला भाग वेगळा राहतो आणि प्रयोगशाळेत तेजाब लावल्यावर तो उमटतो. म्हणून मी नेहमी सांगतो, वस्तूवर नाव रंगाने लिहू नका. ठशाने घाला. आणि एकाच जागी नको. अमेरिकेत १९७२ पासून प्रत्येक नव्या होडीच्या अंगावर क्रमांक कोरावा लागतो. पुढे नियम असा झाला की तोच क्रमांक दुसऱ्या एका लपवलेल्या जागीही हवा. चोर दिसणारा क्रमांक खोडतो, न दिसणारा राहून जातो. शर्यतीच्या शिडांवर तर देशाची अक्षरे आणि आकडा इतक्या मोठ्या अक्षरात असतो की काठावरून वाचता यावा.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, परदेशी लोकांची केवढी ही हुशारी. अहो, आपल्या आज्या-पणज्या काय वेगळे करत होत्या? भांडे विकत घेतले की दुकानातच नाव घालून घ्यायचे, ठिपक्याठिपक्यांनी. पातेल्याच्या काठावर, परातीच्या मागे, तांब्याच्या बुडाला. आडनाव, तारीख, आहेराचे असेल तर कुणाकडून. आमच्या घरात असे एक पातेले आहे ज्याच्यावर एका मावशींचे लग्न, तिथी आणि मामांचे गाव एवढा इतिहास आहे. मावशींना स्वतःला ती तिथी आठवत नव्हती, पातेल्याला ठाऊक होती.

पण या नाव घालण्याचे खरे कारण चोरी हे नव्हते. कारण होते उसने देणे. लग्नकार्याला, मुंजीला, श्रावणातल्या सवाष्णींना वाड्यातल्या पाच घरांची भांडी एका मांडवात यायची. कार्य आटोपले की विसळून, नाव वाचून ज्याची त्याला परत. नाव होते म्हणून निःशंकपणे देता येत होते. जिच्या भांड्यावर नाव नाही ती बाई देताना कचरायची. ही गोष्ट आपण विसरलो आहोत. आपल्याला वाटते खूण करणे म्हणजे अविश्वास. खरे तर खूण असली की वस्तू मोकळेपणी फिरते. आपल्या पंडरीच्या कापड बाजारात जा. एका टेम्पोतून दहा दुकानांच्या गाठी येतात, कुणी हमालावर डोळे वटारून बसत नाही, कारण गाठीवर मार्का असतो.

आता चोर कोण, याकडे वळू. आपला पहिला संशय नेहमी बाहेरच्यावर आणि त्यातही गरिबावर जातो. एप्रिल २०२२ मध्ये बिहारच्या रोहतास जिल्ह्यात कालव्यावरचा साठ फूट लांब लोखंडी पूल चोरीला गेला. अख्खा पूल! वापरात नव्हता, जुना होता. काही माणसे पाटबंधारे खात्याचे म्हणून आली, गॅस कटर आणि जेसीबी आणले आणि तीन दिवस भर दिवसा पूल कापून नेला. गावकऱ्यांना वाटले सरकारी काम चालू आहे. पुढे जे पकडले गेले त्यांत त्याच खात्याचा एक अधिकारी होता. तेव्हा चोरी अंधारातच होते आणि चोर फाटक्या कपड्यातच येतो, असे समजून चालू नका. ज्याच्याकडे अधिकार आहे असे वाटते, त्याला कुणी विचारतच नाही.

इंग्रजांच्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात एक कलम मुद्दाम घातलेले आहे : संस्थेच्या सभासदानेच संस्थेची वस्तू चोरली किंवा पैसा गिळला, तर त्याला परक्या माणसाप्रमाणेच शिक्षा. आपल्याकडे आज १९७३ चा मध्यप्रदेशातून आलेला कायदा चालतो, पण मला जुन्यातली ही ओळ फार आवडते. 'मीही मालक, मग मी चोर कसा?' हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीही कुणीतरी विचारला असणार, त्याशिवाय ते कलम आले नसते.

बहुतेक वेळा मात्र सभासद चोरतच नाही. तो वस्तू घरी नेतो. शिडी नेतो, गच्चीवर काम आहे म्हणून. वायरचे बंडल नेतो, मुलीच्या वाढदिवसाला. परत आणायचे राहून जाते, वर्ष जाते, मग आणायची लाज वाटते. होड्यांच्या क्लबातही हेच चालते. सुकाणू दुरुस्तीला म्हणून नेलेले असते. सुकाणू ती केवढी वस्तू, पण त्याशिवाय होडी म्हणजे नुसता टब. वर्षअखेरीला नोंद तपासताना पाच सुकाणू कमी भरतात आणि सगळे म्हणतात, चोरी झाली.

कुलपांबद्दल थोडक्यात. फुटबॉलचा जगज्जेता चषक, जुल्स रिमे, १९६६ साली लंडनच्या प्रदर्शनातून चोरीला गेला आणि पिकल्स नावाच्या कुत्र्याने एका बागेच्या कुंपणाशी तो हुंगून काढला. पुढे ब्राझीलने तीनदा स्पर्धा जिंकून तो कायमचा मिळवला. डिसेंबर १९८३ मध्ये रिओतल्या त्यांच्या फुटबॉल महासंघाच्या कचेरीतून तो पुन्हा गेला, तो कायमचाच. कपाटाला पुढून बंदुकीची गोळी शिरणार नाही अशी काच होती. मागची बाजू लाकडी होती. चोरांनी मागची फळी पहारीने उचकटली. आपल्या कोठीचे कुलूप सातलिव्हरचे आहे, तेव्हा मागच्या पत्र्याचे स्क्रू कुठल्या बाजूने आहेत ते एकदा जाऊन पाहा. आणि किल्ल्या किती आहेत ते मोजा. माझा अंदाज, पाच. कुणाकुणाकडे, हे एकाही माणसाला सांगता येणार नाही.

चोरी झाल्यावर काय करायचे, हे जरा नीट सांगतो, कारण इथे पुष्कळ गैरसमज आहेत आणि १ जुलै २०२४ पासून कायदाही बदलला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. साध्या चोरीचे जुने ३७९ कलम गेले, आता ३०३. जुने ३८० गेले, आता ३०५. या ३०५ मध्ये एक गंमत आहे. जास्त शिक्षेच्या चोऱ्या कोणत्या, ते सांगताना इमारत, तंबू किंवा जलयान, जिथे माणसे राहतात किंवा वस्तू जपून ठेवल्या जातात, असे शब्द आहेत. म्हणजे आपला मांडव आणि त्यांची नाव कायद्याने एकाच ओळीत बसवली आहेत! शिक्षा सात वर्षांपर्यंत. पूजास्थानातली मूर्ती चोरली तर तीही याच कलमात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी ३१७ कलम आहे, ते भंगारवाल्यांच्या कानावर जरूर घाला.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. अशा चोरीत पहिल्यांदाच सापडलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. ही तरतूद मला माणुसकीची वाटते. पण आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की नोंदवहीत वस्तूची किंमत हवी. वीस वर्षांपूर्वी देणगीत आलेल्या पितळी समईची किंमत कुणीच लिहिलेली नसते. ठाणेदाराने विचारले तर आपण म्हणतो, 'असेल हजार-दोन हजारांची.' झाले, प्रकरण तिथेच मिटले. आजच्या भावाने तेवढी समई घ्यायला जा, मग कळेल. तक्रार आता इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

माल सापडला तर? लोक म्हणतात, 'सापडला तरी काय, पडून राहणार ठाण्यात.' पूर्वी यात तथ्य होते. मुद्देमालाच्या खोलीत वस्तू गंजून जायच्या. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की जप्त वस्तू ठाण्यात गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नयेत, पंचनामा आणि फोटो करून हमीवर मालकाला द्याव्यात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ कलमाने याला मुदती घातल्या : चौदा दिवसांत वस्तूंचे विवरण, फोटो आणि चित्रफीत, त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. यालाच आपल्याकडे सुपुर्दनाम्यावर घेणे म्हणतात. पण न्यायालय पहिला प्रश्न विचारते, वस्तू तुमचीच कशावरून? बिल नाही, फोटो नाही, ठसा नाही. दहा मंडळांची दहा सारखी पातेली टेबलावर मांडली तर तुमचे कुठले?

विम्याचे मात्र मी माझ्या जुन्या धंद्याची बाजू न घेता सांगतो. बर्गलरी पॉलिसी म्हणजे चोरीची पॉलिसी नव्हे. तिच्यात बहुधा अट असते की चोर जबरदस्तीने, काहीतरी फोडून आत शिरला किंवा बाहेर पडला पाहिजे. २००४ साली हरचंद राय चंदन लाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही अट शब्दशः धरली आणि फोडतोडीचा पुरावा नव्हता म्हणून दावा नामंजूर झाला. होड्यांच्या क्लबचे इंजिन उघड्यावर टांगलेले असते, कुणी काही फोडत नाही, नुसते उचलून नेतो. आपल्या मांडवातला माईकही तसाच. विमा उतरवताना 'साधी चोरी धरली आहे का' हा एक प्रश्न लेखी विचारा. एजंट हसून मान डोलावतो, ती मान दाव्याच्या फाइलला जोडता येत नाही.

आता त्या कुजबुजीबद्दल.

चोरीनंतर होड्यांच्या क्लबमध्ये पहिली सभा भरते तेव्हा ठराव काय होतात? कुंपण उंच करा. काठावर येणारी पोरे येऊ देऊ नका. शिकायला फक्त सभासदांची मुले. आणि ही काठावरची पोरे कोण असतात? होड्या ओढायला हात लावणारी, दोर गुंडाळून ठेवणारी, दोन वर्षे नुसती बघत उभी राहिलेली. त्यांतलाच एखादा पुढे क्लबचा सर्वात चांगला सुकाणूधर होतो, कारण वारा त्याने फार दिवस काठावरून वाचलेला असतो. कुंपण उंच झाले की चोराला शिडी लागते एवढेच. पोरगा मात्र कायमचा बाहेर राहतो.

आपल्याकडे काय चालू आहे? मांडव घालणारी छत्तीसगढी पोरे, धुमालवाल्यांबरोबर येणारी मुले, कोठीसमोर झोपणारा म्हातारा चौकीदार, यांच्याकडे पाहण्याची काही जणांची नजर बदलली आहे. दोघांना तर 'यंदा येऊ नका' असे सांगितल्याचेही माझ्या कानावर आले. पुरावा काय? तर त्यांना कोठी कुठे आहे ते माहीत होते. अहो, ती इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपण स्वतः या गावात बाहेरून आलेलो. कुणी भोसल्यांच्या काळात तात्यापाऱ्यात, कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी माझ्यासारखे बदलीवर. पहिल्या दिवशी आपल्या पूर्वजांकडेही कुणीतरी अशाच नजरेने पाहिले असेल, आणि कुणीतरी ओट्यावर बसवून पाणी दिले असेल.

म्हणून समितीला माझे सांगणे एवढेच, आणि ते ठराव म्हणून लिहून घ्यावे. किल्ल्या दोनच, कार्यवाह आणि कोठीप्रमुख यांच्याकडे, नावे फलकावर. वही एकच, तीत घेणाऱ्याची सही आणि परत करण्याची तारीख, मग तो अध्यक्ष असला तरी. नाव घालण्याचे यंत्र एक दिवस भाड्याने आणून पातेल्यापासून माईकच्या स्टँडपर्यंत सगळ्यावर दोन-दोन जागी ठसा, आणि प्रत्येक वस्तूचा फोटो. ज्यांच्या घरी मंडळाच्या वस्तू राहून गेल्या आहेत त्यांनी विसर्जनापूर्वी कोठीच्या ओट्यावर आणून ठेवाव्यात. तिथे त्या दिवशी कुणी बसणार नाही आणि कुणी विचारणार नाही. त्या दोन मुलांना बोलावणे मी स्वतः पाठवले आहे. उद्या सकाळी ती येतील. मांडवाची मागची बाजू पावसाने ओली झाली आहे, ती त्यांनाच नीट बांधता येते.

प्रसाद आलेला दिसतो. गणपती बाप्पा मोरया!